मुक्काम वेशीच्या आत की बाहेर?

पत्राचा सारांश : कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणारे, सहकारी बँकेतून निवृत्त झालेले ६४ वर्षांचे एक वाचक लिहितात, की त्यांची मुलगी आणि जावई अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी येथे असतात. येत्या जुलैत हे वाचक, त्यांच्या पत्नी आणि सांगलीचे व्याही व विहीणबाई असे चौघे तिकडे जाणार असून, सहाही जणांनी मिळून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात चार रात्री काढायचे ठरले आहे. सगळ्यांना एकत्र राहता यावे म्हणून जावयांनी ३६ फूट लांबीचे मोटरहोम, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घ्यायचे योजले आहे. पेच आहे तो ते उभे कुठे करायचे याचा. जावयांना उद्यानाबाहेर, वेस्ट यलोस्टोन या गावात, वीज-पाणी-सांडपाण्याची जोडणी असलेली खासगी जागा हवी आहे. मुलीने शेजारच्या सरकारी वनात फुकट मुक्काम करता येतो असे कुठेतरी वाचले आहे. वाचकांचे स्वतःचे मत असे, की एवढ्या लांब जाऊन गावात राहायचे असेल तर कोल्हापूर काय वाईट होते. राहायचे तर जंगलातच, रात्री शेकोटी पेटवून रस्सा-भाकरी करायची. बाहेर राहिल्यास रोज प्रवेशशुल्क भरावे लागेल, हीही त्यांची एक शंका आहे. व्याह्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असून ते रात्री सीपॅप, म्हणजे श्वासमार्ग उघडा राहावा म्हणून दाबाने हवा देणारे, यंत्र लावतात आणि पत्नीचे गुडघे दुखतात, हा उल्लेख पत्राच्या शेवटी, जाता जाता, आला आहे. "जावई आरामाचा मार्ग शोधतात असे मला वाटते, पण व्याह्यांसमोर ते बोलायचे कसे?" असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती तुम्ही शेवटच्या चार ओळींत लिहिली आहे, आणि मी उत्तराची सुरुवात तिथूनच करणार आहे. व्याह्यांचे यंत्र रात्रभर विजेवर चालते. त्यामुळे "जंगलात राहायचे की गावात" या प्रश्नाच्या आधी "रात्री प्लग कुठे लावायचा" हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर मिळाले की तुमच्या घरातल्या तीन मतांपैकी एक आपोआप गळून पडते.

मोटरहोममध्ये दिवे, नळाचा पंप आणि घर तापवणाऱ्या भट्टीचा पंखा हे सगळे गाडीतल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. भट्टी स्वतः गॅसवर पेटते, पण गरम हवा आत ढकलणारा पंखा बॅटरीच खातो. यलोस्टोनमधला मोठा तलाव समुद्रसपाटीपासून २,३५० मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि तिथे जुलैतही पहाटे पारा गोठणबिंदूच्या आसपास उतरू शकतो. म्हणजे भट्टी रात्रभर मधूनमधून चालणार आणि त्याच बॅटरीवर व्याह्यांचे यंत्रही चालणार. यंत्रातला पाणी तापवून हवा दमट करणारा भाग बंद ठेवला तर वीज बरीच वाचते आणि एखादी रात्र निभावूनही जाते. पण सलग चार रात्री, भाड्याच्या आणि किती जुनी आहे हे ठाऊक नसलेल्या बॅटरीवर, वयस्क माणसाचा श्वास सोपवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जनरेटर असतो, हे खरे. परंतु उद्यानाच्या छावण्यांमध्ये रात्रीच्या शांततेच्या वेळेत तो लावता येत नाही, आणि नेमका त्याच वेळेत तुम्हाला तो हवा असतो. एवढ्या उंचीवर झोपण्याबद्दल व्याह्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे, हे वेगळे सांगायला नकोच.

मुलीच्या फुकट जागेचा विचार इथे संपतो. उद्यानाभोवतीच्या राष्ट्रीय वनांत ठरावीक दिवस विनाशुल्क मुक्काम करू देतात, ही तिची माहिती बरोबर आहे, आणि दोघे तरुण लहान गाडी घेऊन जात असते तर मीही तिच्या बाजूने उभा राहिलो असतो. मात्र तिथे वीज नाही, नळ नाही, पुष्कळ ठिकाणी फोनला रेंज नाही, कच्च्या रस्त्यावर भाड्याचे मोटरहोम नेण्यास बहुतेक करारांत मनाई असते आणि तो सारा ग्रिझली अस्वलांचा मुलूख आहे. तुमच्या सहा जणांसाठी ती जागा नव्हे.

राहिले तुमचे मत आणि जावयांचे मत. तुमच्या मतामागे एक गृहीत आहे, की उद्यानाच्या आत राहणे म्हणजे जे पाहायला आलो त्याच्या जवळ राहणे. हे गृहीत दाजीपूरच्या अभयारण्यासाठी कदाचित चालेल. यलोस्टोनला ते तितकेसे लागू पडत नाही. १ मार्च १८७२ रोजी स्थापन झालेले हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान सुमारे ९,००० चौरस किलोमीटरांवर पसरलेले आहे, म्हणजे आपला अख्खा कोल्हापूर जिल्हा त्यात मावून वर जागा उरेल. आतला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा असून त्याची लांबी १४२ मैल, सुमारे २२९ किलोमीटर, आहे. वेगाची कमाल मर्यादा ताशी ४५ मैल. ती मर्यादाही पुष्कळदा कागदावरच राहते, कारण रस्त्याच्या मधोमध गवे, म्हणजे तिकडचे बायसन, निवांत चालत असतात आणि त्यांच्या मागे गाड्यांची रांग लागलेली असते.

आता अंतरे पाहा. वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्हींची जोडणी असलेली छावणी अख्ख्या उद्यानात एकच आहे, ती तलावाच्या काठच्या फिशिंग ब्रिजची. तिथून ओल्ड फेथफुल हे प्रसिद्ध गरम पाण्याचे कारंजे ३८ मैलांवर, म्हणजे ६१ किलोमीटरवर आहे. (अशा कारंज्याला ते गीझर म्हणतात. आपण न्हाणीघरातल्या यंत्राला तेच नाव दिले आहे, त्यामुळे विहीणबाईंना आधी समजावून ठेवा.) उलट, उद्यानाच्या पश्चिम दाराला चिकटून असलेल्या वेस्ट यलोस्टोन गावापासून तेच कारंजे ३० मैलांवर, म्हणजे ४८ किलोमीटरवर येते. तुमच्या भाषेत सांगायचे, तर बाहेर राहिलात तर कोल्हापूर ते सांगली एवढे अंतर, आणि आत राहिलात तर कोल्हापूर ते गगनबावडा, तेही डोंगर चढून-उतरून आणि थोडे पुढेच. ओल्ड फेथफुलच्या शेजारी गाड्यांची छावणी मुळीच नाही.

म्हणून जावयांना आराम हवा आहे हा तुमचा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. गाडी ते चालवणार आहेत. दिवसभर चाक धरून बसलेल्या माणसाला संध्याकाळी तिढ्याच्या जागेत ३६ फुटी गाडी मागे घ्यायला लावणे म्हणजे काय असते, ते मी एकदा पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी बहिणीच्या कुटुंबाबरोबर तिकडच्या एका उद्यानात आम्ही ३० फुटी मोटरहोम घेऊन गेलो होतो. आरक्षणाच्या कागदावर जागा ३२ फुटांची होती, तेव्हा आम्ही निर्धास्त. पोहोचायला अंधार झाला. जागा ३२ फुटांची होती हे खरे, पण ती विळ्यासारखी वळलेली होती आणि तिच्या टोकाला पाइनचे झाड उभे होते. मेहुणे चाकावर, बहीण मागे टॉर्च घेऊन, मी बाजूला "अजून, अजून" करत. चाळीस मिनिटे गेली. शेवटी शेजारच्या गाडीतून रात्रीच्या कपड्यांतले एक आजोबा उतरले, त्यांनी काही न बोलता बहिणीच्या हातातला टॉर्च घेतला आणि चार खुणांत गाडी आत घेतली. मागची शिडी तोवर झाडाच्या सालीवर घासून गेली होती. दुसऱ्या दिवशी त्या शिडीचे पैसे भरलेच, पण त्या रात्री कोणी कोणाशी बोलले नाही, ते जास्त लागले. चूक आमचीच होती. जागेची लांबी पाहिली होती, आकार विचारला नव्हता.

उद्यानांच्या आतल्या जागा अशा अडचणीच्या का, यालाही कारण आहे. १९३०च्या सुमारास अमेरिकेत मोटारी घेऊन लोक जंगलात वाटेल तिथे उतरू लागले आणि चाकांखाली दबून झाडांची मुळे मरू लागली. एमिलिओ माइनेके या वनस्पतिरोगांच्या अभ्यासकाने १९३२मध्ये यावर तोडगा सुचवला, तो असा : एकेरी वळणाचा अरुंद रस्ता, त्याला फुटलेल्या छोट्या जागा, आणि गाडी जागा सोडून भटकू नये म्हणून कडेला दगड-ओंडके. आजही तिथल्या कितीतरी छावण्यांचा आराखडा हाच आहे. तो तेव्हाच्या मोटारी आणि तंबू डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. तुमच्या ३६ फुटांना तो कुठून पुरणार? फिशिंग ब्रिजची छावणी अलीकडे नव्याने बांधली, तिथे सुमारे ३०० जागा आहेत आणि मोठ्या गाड्या व्यवस्थित बसतात, हा तिचा मोठा गुण. बाहेरच्या खासगी जागांमध्येही पुल-थ्रू, म्हणजे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येणारी, जागा मागून घेता येते. तुमच्या जावयांनी तीच मागावी. भाडे थोडे जास्त पडले तरी हरकत नाही.

आता तुमच्या शेकोटीविषयी. ती कल्पना वाचून मलाही मोह झाला, पण तुमची निराशा मला आताच करू द्या. फिशिंग ब्रिजला लाकडाची शेकोटी पेटवता येत नाही. तंबूही लावू देत नाहीत, कारण तो भाग ग्रिझलींच्या येण्याजाण्याचा आहे आणि पक्क्या भिंतींच्या गाड्यांनाच तिथे परवानगी आहे. शेकोटीची जागा असलेली, ओल्ड फेथफुलला त्यातल्या त्यात जवळची, म्हणजे १६ मैलांवरची, आतली छावणी मॅडिसनची. तिथे विजेची जोडणी नाही, अंघोळीची सोयही नाही, आणि मग आपण फिरून व्याह्यांच्या यंत्रापाशी येतो. एक गोष्ट आत काय, बाहेर काय, सारखीच लक्षात ठेवायची आहे : अन्नाचा वास येणारी कोणतीही वस्तू बाहेर टेबलावर ठेवून क्षणभरही दूर जायचे नाही. खरकटे पातेले नाही, कचऱ्याची पिशवी नाही आणि आपला कांदा-लसूण मसाला तर नाहीच. रस्सा गाडीच्या आतल्या शेगडीवर करा, पंखा चालू ठेवा, भांडी आतच धुवा. अस्वल आणि लांडगा यांच्यापासून किमान ९१ मीटर आणि बायसनपासून किमान २३ मीटर दूर राहण्याचा तिथला नियम आहे. बायसन गायीसारखा दिसतो म्हणून त्याच्याजवळ फोटोला उभे राहणारे पाहुणे दरवर्षी जखमी होतात. व्याही शेतकरी घरातले असतील तर त्यांना हे दोनदा सांगावे लागेल. जनावराची भीड नसलेल्या माणसालाच तिथे जास्त धोका.

प्रवेशशुल्काबद्दलची तुमची शंका मात्र सहज दूर होण्यासारखी आहे. खासगी वाहनाचे ३५ डॉलरचे शुल्क एकदा भरले की ते सात दिवस चालते, त्यामुळे रोज गावातून आत गेल्याने ते पुन्हा भरावे लागत नाही. मोठा आकडा दुसराच आहे. १ जानेवारी २०२६पासून अमेरिकेबाहेरून आलेल्या, १६ वर्षे पूर्ण झालेल्या पर्यटकांना यलोस्टोनसह ११ उद्यानांत नेहमीच्या शुल्काखेरीज माणशी १०० डॉलर द्यावे लागतात, आणि परदेशी पर्यटकांचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. तुम्ही चौघे भारतातून जाणार, तेव्हा हा हिशेब मुलीने उद्यानाच्या संकेतस्थळावर बसून आधीच करून ठेवावा. आत राहा की बाहेर, तो बदलत नाही.

तुमच्या तिघांच्याही विचारात मला न सापडलेली एक गोष्ट आता सांगतो, आणि माझ्या दृष्टीने तीच मुख्य आहे. तुम्ही मोटरहोमकडे फिरायचे वाहन म्हणून पाहत आहात. ते घर आहे. त्याला चाके आहेत एवढेच. रोज सकाळी ते घर हलवायचे म्हणजे विजेची तार काढा, पाण्याची नळी गुंडाळा, सांडपाण्याची नळी सोडवा, भिंतीचे बाहेर सरकलेले भाग आत घ्या, ताटे-वाट्या फळ्यांवरून उतरवून टॉवेलात गुंडाळा, लोणच्याची बरणी सिंकमध्ये ठेवा आणि फ्रिजच्या दाराला खिट्टी घाला. यात पाऊण तास जातो. मग ते ३६ फूट घेऊन मिडवे येथे जा, जिथे तो सप्तरंगी गरम पाण्याचा डोह आहे, आणि सकाळी दहाला त्या चिमुकल्या वाहनतळापुढे थांबा. जागा मिळणार नाही. पुढे जायला सांगतील. मॅमथ येथे गरम झऱ्यांनी घडवलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या टेकडीवरचा वरचा वळणरस्ता मोटरहोमना बंदच आहे. तुमच्या पत्नीच्या गुडघ्यांना जो फायदा गाडी दारापर्यंत नेण्याने व्हायला हवा, तो मोठ्या गाडीमुळेच हातचा जातो.

तेव्हा एक सात आसनी लहान गाडी सोबत घ्या. मुलगी ती चालवील, दोघी वडीलधाऱ्या बायका तिच्याबरोबर बसतील, आणि मुक्कामी पोहोचल्यावर मोटरहोम एकदा उभे केले की दोन दिवस ते हलवायचे नाही. सहा जण लहान गाडीतून फिरायचे. रात्री कोणाला दवाखान्यात न्यावे लागले तर हीच गाडी कामी येते. हा जास्तीचा खर्च भरून काढण्यासाठी मोटरहोमची लांबी कमी करा. ३६ फुटांऐवजी २८ ते ३० फुटांचे घ्या, आणि ज्या खासगी जागांमध्ये गाड्यांच्या शेजारी लाकडी खोल्याही भाड्याने मिळतात अशी जागा शोधून एक खोली घ्या. ती व्याही-विहिणींना द्या. त्यांच्या यंत्रासाठी भिंतीतला साधा प्लग मिळेल आणि त्या यंत्राचा आवाज रात्रभर पातळ भिंतीपलीकडे तुम्हाला ऐकू येणार नाही. "सगळे एकत्र" याचा अर्थ सहा जणांनी एकाच शौचालयासमोर रांग लावावी असा तुम्हाला अभिप्रेत नसावा.

त्या शौचालयाचीही थोडी माहिती देतो, कारण अशा सहलींत भांडणे मुख्यतः तिथूनच सुरू होतात आणि कोणीही सभ्य माणूस त्याविषयी आधी सांगत नाही. साधारण ३० फुटी गाडीत स्वच्छ पाण्याची टाकी १५० ते १९० लिटरच्या आसपास असते, आणि मैल्याची टाकी त्याहून लहान. आपल्याकडची एक बादली १५ ते २० लिटरची धरली, तर सहा जणांच्या एकेका अंघोळीतच ९० ते १२० लिटर संपतात, मग भांडी आणि स्वयंपाक वेगळाच. शिवाय शौचाला पाणी सढळ हाताने वापरायची आपली सवय असते आणि तिथले शौचालय घोटभर पाण्यावर चालेल असे बनवलेले असते. जोडणी नसलेल्या जागी सहा जणांची टाकी दोन दिवसांत तुडुंब होते, आणि मग जावईबापूंना हातमोजे घालून ती रिकामी करायला न्यावी लागते. (आधी मैल्याची टाकी सोडायची, मग अंघोळीच्या पाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते.) जावयाला हे काम सासऱ्यासमोर करावे लागू नये, एवढ्या एका कारणासाठीही मी सांडपाण्याची जोडणी असलेली जागा घेईन. विजेबाबत मात्र फार मोठी मागणी करण्याची गरज नाही. ५० अँपिअरची जोडणी दोन-दोन वातानुकूलन यंत्रे चालवणाऱ्या मोठ्या गाड्यांसाठी असते, आणि जुलैतल्या त्या थंडीत तुम्हाला एकही लावावे लागणार नाही. ३० अँपिअर पुरे. व्याह्यांच्या यंत्राचा अ‍ॅडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचा आहे ना, ते त्यावरच छापलेले असते. तिकडचा पुरवठा १२० व्होल्टचा आहे आणि पिनही वेगळी आहे.

माझा कौल असा : पहिल्या दोन रात्री वेस्ट यलोस्टोनमध्ये काढा, आणि त्या दोन दिवसांत पश्चिमेकडची कारंजी, डोह, ओल्ड फेथफुल पाहून घ्या. पश्चिम दारावर जुलैत सकाळी मोठी रांग लागते, तेव्हा सहाच्या सुमारास निघा. कोल्हापूरहून साडेअकरा तास मागे गेलेल्या तुमच्या शरीराला पहाटे जाग येणारच आहे, तिचा उपयोग करून घ्या. तिसऱ्या दिवशी नॉरिस आणि कॅन्यनमार्गे ५६ मैल, म्हणजे सुमारे ९० किलोमीटर, जाऊन फिशिंग ब्रिजला उतरा आणि शेवटच्या दोन रात्री आत राहा. कॅन्यन आणि फिशिंग ब्रिज यांच्यामध्ये हेडन व्हॅली नावाचे विस्तीर्ण गवताळ खोरे आहे. पहाटे आणि तिन्हीसांजेला तिथे बायसनचे कळप नदीकडे उतरतात, धुके पाण्यावरून उठत असते, आणि आत राहण्याचा खरा लाभ हाच, की त्या वेळी तुम्ही अर्ध्या तासाच्या अंतरावर असता. तुमची जंगलात राहण्याची हौस चुकीची नाही. ती कारंज्यांसाठी निरुपयोगी आणि जनावरांसाठी मोलाची आहे, एवढेच. तिथे लाकडी खोल्या नाहीत, म्हणून त्या दोन रात्री सहाही जण गाडीत झोपाल, परंतु वीज असेल आणि छावणीत पैसे देऊन वापरायची न्हाणीघरे आहेत. परतताना दक्षिण दाराने ग्रँड टेटन पर्वतांच्या पायथ्याने या. जॅक्सन गावाच्या पुढे टेटन खिंडीतून जवळचा रस्ता दाखवला तर तो घेऊ नका, त्याचा चढ-उतार १० टक्क्यांपर्यंत आहे. नदीच्या कडेने आल्पाइनमार्गे जाणारा रस्ता लांबचा असला तरी तोच धरा.

फिशिंग ब्रिजला जागा मिळाली नाही, तर चारही रात्री वेस्ट यलोस्टोनमध्ये राहा आणि मनात किंतु ठेवू नका. एखाद्या पहाटे चारला उठून लहान गाडीने हेडन खोरे गाठा. वाहनतळावर किंवा रस्त्याच्या कडेला गाडी लावून रात्र काढू असा विचार कोणी बोलून दाखवला तर तो तिथल्या तिथे थांबवा. उद्यानात तसे करता येत नाही.

ज्या इतर वाचकांची मुले तिकडे आहेत आणि ज्यांचा बेत दुसऱ्या उद्यानाचा आहे, त्यांनी रस्ता आधी पाहावा, जागा नंतर. ग्लेशियर उद्यानात गोइंग-टू-द-सन या घाटरस्त्याच्या वरच्या टप्प्यात २१ फुटांहून लांब वाहनाला प्रवेशच नाही, तेव्हा तिथे मोठे मोटरहोम नेणाऱ्याला लहान गाडीवाचून गत्यंतर नाही. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर मॅदर छावणीत ३० फुटांपर्यंतच गाडी चालते, तर शेजारच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये ५० फुटांपर्यंत, तिन्ही जोडण्यांसह. योसेमिटीच्या खोऱ्यातल्या छावण्या देखण्या आहेत, पण तिथे विजेची जोडणी कुठेच नाही. जागा राखताना गाडीची लांबी पुढच्या बंपरपासून मागच्या शिडीपर्यंत मोजलेली सांगावी, आणि जागा सरळ आहे की वळलेली, टोकाला झाड आहे का, हे फोन करून विचारावे. मी विचारले नव्हते.

व्याह्यांसमोर बोलायचे कसे, हा तुमचा शेवटचा प्रश्न. जावयांविषयी त्यांच्याशी काहीच बोलू नका. बोलायचे आहे ते त्यांच्या यंत्राविषयी, आणि तेही तुम्ही नव्हे. तुमच्या पत्नीने विहीणबाईंना फोन करून सहज विचारावे, की यंत्राला रात्री काय काय लागते, बॅटरीवर त्यांनी कधी चालवून पाहिले आहे का, आणि वेगळी खोली घेतली तर त्यांना अवघडल्यासारखे होईल की बरे वाटेल. पुष्कळ पुरुष या यंत्राविषयी चारचौघांत बोलायला संकोचतात. कदाचित व्याही स्वतःच "माझ्यामुळे सगळ्यांची अडचण नको" म्हणून गप्प बसले असतील, आणि जावयांनी वडिलांचा तो संकोच ओळखूनच विजेची जागा शोधली असेल. तुम्हाला दिसला तो आराम कदाचित मुलाची काळजी असेल. ते विचारल्याशिवाय कळणार नाही. जावयांना मात्र तुम्ही स्वतः फोन करा आणि मोटरहोम ताब्यात घेण्याच्या दिवशीच लांबच्या रस्त्याला न लागता, एखाद्या मोकळ्या वाहनतळावर तासभर मागे घेण्याचा सराव करून मग निघा, एवढे सुचवा. पहिल्या दिवशी सॉल्ट लेक सिटीपासून वेस्ट यलोस्टोन हे सुमारे ३२० मैल होतात, तेव्हा उजेडात पोहोचण्यासाठी सकाळीच निघायला हवे.

आरक्षणाचे काम तुम्ही अंगावर घ्या. फिशिंग ब्रिजच्या जागा वर्षभर आधीपासून राखल्या जातात, त्यामुळे जुलैसाठी आज सगळे भरलेले दिसेल; पण लोकांचे बेत बदलतात आणि रद्द झालेल्या जागा पुन्हा संकेतस्थळावर दिसू लागतात. त्या सुटतात केव्हाही, आणि दिसताच पकडाव्या लागतात. मुलगी-जावई दिवसा नोकरीत आणि रात्री झोपलेले. त्यांच्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा कोल्हापुरात सकाळचे साडेनऊ झालेले असतात, तुमचा चहा-नाश्ता उरकलेला असतो आणि समोर निवृत्तीचा सबंध दिवस असतो. मुलीकडून तारखा, गाडीची बंपर ते शिडी लांबी आणि कार्डाची परवानगी एवढे घेऊन ठेवा, आणि तिकडे रात्र असेपर्यंत दर तासाला ते पान उघडून पाहत जा.